संगीतलेखनाच्या संगणकप्रणाली आणि देवनागरी फाँट : मांडणीचे काही प्रश्न

भैरव रागात रिषभ आणि धैवत हे दोन्ही स्वर कोमल आहेत. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांच्या स्वरलेखनपद्धतीत ते रे॒ आणि ध॒ असे, अक्षराखाली आडवी रेघ देऊन लिहिले जातात. भैरवातील एखादी बंदिश संगणकावर एका धारिकेतून दुसऱ्या धारिकेत नेताना ही रेघ गळून पडली, तर सा रे ग म प ध नि एवढेच उरते आणि हे स्वर बिलावल थाटाचे आहेत. अशी चूक मुद्रितशोधकाला सहसा सापडत नाही, कारण उरलेला मजकूर दिसायला निर्दोष असतो. संगीतविषयक प्रबंध, क्रमिक पुस्तके आणि जुन्या बंदिशींचे संग्रह आता संगणकावरच तयार होतात. त्यामुळे फाँटची निवड व मांडणी ही केवळ सजावटीची बाब राहिलेली नाही. या प्रश्नाचे तांत्रिक मूळ कोठे आहे आणि देवनागरी मजकुराच्या बाबतीत कोणती काळजी घ्यावी लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्वरचिन्हांचा फाँट आणि मजकुराचा फाँट

सिबेलियस, डोरिको, म्यूझस्कोअर, लिलीपाँड या पंचरेषीय स्वरलेखनाच्या प्रचलित प्रणाली होत. यांपैकी कोणत्याही प्रणालीत तयार झालेल्या पानावर किमान दोन जातींचे फाँट एकत्र नांदतात. क्लेफ, स्वरांची गोल शीर्षे, विराम, शार्प-फ्लॅट ही चिन्हे संगीत-फाँटमधून येतात. शीर्षक, रचनाकाराचे नाव, लयीची सूचना, गीताचे शब्द हे मजकुराच्या फाँटमधून येतात. नादाचा लहानमोठेपणा दाखवणारी 'पी' आणि 'एफ' ही अक्षरे मात्र अक्षरे असूनही संगीत-फाँटमधील असतात. 'सर्व मजकुराचा फाँट बदला' असा आदेश सरसकट दिला की पहिला फटका त्यांनाच बसतो.

संगीत-फाँटचा इतिहास मराठी वाचकाला ओळखीचा वाटावा असा आहे. अडोबीचा सोनाटा आणि फिनाले या प्रणालीचे पेत्रुची, माएस्त्रो हे जुने फाँट रोमन अक्षरांच्या जागा उसन्या घेऊन बनवलेले होते. कळफलकावरील 'अँड'चे चिन्ह दाबले की ट्रेबल क्लेफ उमटे, 'क्यू' दाबला की एक मात्रेचा स्वर. फाँट हजर असेपर्यंत सारे ठीक चाले. तो नसलेल्या संगणकावर धारिका उघडली की लयनिर्देशातील स्वरचिन्हाच्या जागी 'क्यू = ६०' असे काहीतरी वाचायला मिळे. मराठी टंकलेखनात नेमका हाच प्रकार घडत होता. श्री-लिपी, आकृती यांसारख्या प्रणालींच्या जुन्या फाँटमध्ये देवनागरीचे आकार रोमन संकेतांवर बसवलेले असत आणि फाँट हरवला की मराठी परिच्छेदाचा रोमन अक्षरांचा कचरा होई. दोन्हीकडे दोष एकच होता : दिसणारा आकार खरा, पण त्यामागील संकेत दुसऱ्याच अक्षराचा.

उपायही दोन्हीकडे एकाच जातीचा निघाला. देवनागरीला युनिकोडने स्वतःचे संकेत दिले. संगीतचिन्हांसाठी डॅनियल स्प्रेडबरी यांच्या पुढाकाराने स्टाइनबर्ग कंपनीने २०१३ मध्ये 'स्मूफ्ल' हे प्रमाण आणि त्यानुसार घडवलेला ब्रावुरा हा फाँट प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक संगीतचिन्हाला युनिकोडच्या खासगी वापरासाठी राखलेल्या विभागात निश्चित स्थान मिळाले, म्हणून ब्रावुराऐवजी म्यूझस्कोअरचा लीलँड वापरला तरी चिन्हाची ओळख बदलत नाही.

शैलीतून मांडणी

या प्रणालींत फाँट बदलण्याचा योग्य मार्ग म्हणजे शैली. शीर्षक, लय, भावनिर्देश, गीत अशा प्रत्येक प्रकारच्या मजकुराची एक शैली असते आणि तिच्यात फाँट, आकार, ठळकपणा, पंचरेषेपासूनचे अंतर हे सारे नोंदलेले असते. म्यूझस्कोअरमध्ये ही सोय स्वरूपाच्या यादीतील शैलीच्या खिडकीत आहे. इतर प्रणालींत नावे थोडी वेगळी आहेत. एकेक शब्द निवडून फाँट बदलत बसणे सोपे वाटते, पण सत्तर पानांच्या संग्रहात तीन शब्द हमखास निसटतात.

मूळ शैली रोमन लिपी गृहीत धरून आखलेल्या असतात, याची जाणीव देवनागरीत काम करताना पदोपदी होते. भावनिर्देश तिरप्या ठशात असावा, असा पाश्चात्त्य मुद्रणाचा संकेत आहे. देवनागरीत तिरप्या ठशाची तशी परंपरा नाही आणि बहुतेक देवनागरी फाँटमध्ये तो नसतोच. मग प्रणाली उभी अक्षरे यांत्रिकपणे कलती करते, शिरोरेषेखालचे काने एका बाजूला लवंडतात आणि शब्द पडायला आल्यासारखा दिसतो. तेथे तिरपेपणा काढून टाकून वजनाने हलका ठसा घेणे श्रेयस्कर. निवडलेल्या फाँटमध्ये देवनागरी नसेल तर प्रणाली गुपचूप संगणकातील दुसरा फाँट वापरते. तो प्रत्येक संगणकावर वेगळा असू शकतो, आणि म्हणून घरी नीट बसलेली ओळ महाविद्यालयातील संगणकावर फुटते. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील, तर एकाच फाँटमध्ये ते हिंदी वळणांसोबत दडलेले असू शकतात व मजकुराची भाषा मराठी असे सांगितल्यावरच प्रकट होतात. अशी भाषा सांगण्याची सोय जेथे नाही, तेथे मुळातच मराठी वळण असलेला फाँट निवडावा लागतो.

गीताच्या ओळीत अक्षर तोडावे कोठे, हा प्रश्न फाँटइतकाच महत्त्वाचा आहे. 'भक्ती' हा शब्द दोन स्वरांवर बसवायचा असेल तर गाताना 'भक्' आणि 'ती' असे ऐकू येते. लिपीचा घटक मात्र अक्षर आहे आणि त्या न्यायाने 'भ-क्ती' असे तुटते. भातखंडे पद्धतीचा वाचक दुसऱ्या रीतीला सरावलेला आहे. तीच स्वीकारावी, पाय मोडलेले अक्षर स्वराखाली एकटे उभे राहिले की डोळा अडखळतो. अक्षर लांबवण्यासाठी पाश्चात्त्य लेखनात शब्दाच्या पायथ्याशी रेघ ओढतात, तर आपल्याकडे अवग्रह लिहितात. प्रणालीला अवग्रह हे एक स्वतंत्र अक्षर म्हणून प्रत्येक स्वराखाली देता येते.

स्वराक्षरांवरील खुणा

खरी अडचण देवनागरी स्वराक्षरांच्या खुणांत आहे. कोमल स्वराची रेघ बहुतेक जण शब्दसंस्करणातील अधोरेखनाची कळ दाबून देतात. अधोरेखन हे मजकुराचा भाग नसून त्यावरचा साज आहे. मजकूर साध्या रूपात चिकटवला की ते नाहीसे होते. आरंभी सांगितलेला भैरवाचा बिलावल बहुधा असाच होतो. याउलट वैदिक अनुदात्ताची खूण, म्हणजे युनिकोडमधील ०९५२ हा संकेत, कोमलासाठी आणि ०९५१ हा तीव्रासाठी वापरला (म॑), तर खूण अक्षरासोबतच प्रवास करते. या खुणा मुळात वेदपाठासाठी आहेत, हे खरे. तथापि शोध, प्रत आणि रूपांतर या तिन्ही प्रसंगी त्या टिकतात.

तारसप्तकाचा बिंदू अनेक जण अनुस्वाराने भागवतात आणि 'सां' लिहितात. छापील पानावर हे खपते. मात्र मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली त्याचा सानुनासिक उच्चार करील. मंद्रासाठी नुक्ता वापरणे याहून गैरसोयीचे, कारण न आणि र यांना नुक्ता दिला की युनिकोडच्या दृष्टीने ती निराळी अक्षरे ठरतात. बिंदूचे स्वतंत्र संकेत, वर ०३०७ आणि खाली ०३२३, उपलब्ध आहेत. परंतु अनेक देवनागरी फाँटमध्ये ते नसल्याने बिंदू परक्या फाँटमधून येतो आणि बाजूला सरकतो. मंद्र कोमल निषादात रेघ आणि बिंदू दोन्ही अक्षराखाली येतात. त्यांचा क्रम युनिकोड आपणहून लावत नाही; म्हणून आधी रेघ, मग बिंदू असा एकच क्रम संपूर्ण ग्रंथात पाळावा, अन्यथा शोध घेताना एकच स्वर दोन वेगळे भासतील. त्याखाली पुन्हा मात्रेची कमान असते. ओळींतील अंतर या तीन थरांचा हिशेब करूनच ठरवावे लागते.

पं. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२-१९३१) यांच्या पद्धतीत अडचणीचे स्वरूप बदलते. तेथे कोमल स्वराचा पाय मोडतात. 'ग्' पुढे लगेच 'म' टंकित केला की संगणक इमानाने 'ग्म' हे जोडाक्षर तयार करतो आणि दोन स्वरांचा एक होतो. दोहोंमध्ये जोड रोखणारा अदृश्य संकेत घालावा लागतो. शिवाय भातखंडे पद्धतीत तारसप्तक दाखवणारा वरचा बिंदू पलुस्कर पद्धतीत मंद्राचा आहे. दोन्ही पद्धतींतील बंदिशी एकाच संग्रहात घेताना प्रत्येक बंदिशीपाशी पद्धतीचे नाव द्यायला हवे.

धारिकांचे जतन

२०२४ च्या ऑगस्टमध्ये फिनालेचा विकास थांबल्याची घोषणा झाली. ज्यांच्या रचना त्या प्रणालीत आहेत, त्यांना त्या म्यूझिक-एक्सएमएल या सामाईक स्वरूपात काढून घेणे भाग आहे. या स्वरूपात स्वर आणि शब्द सुरक्षित जातात, फाँटचे मात्र फक्त नाव जाते. फिनालेत युनिकोड मजकुराची सोय २०१२ च्या आवृत्तीपासून आली. त्यापूर्वी जुन्या मराठी फाँटमध्ये टंकित केलेले गीताचे शब्द नव्या प्रणालीत रोमन अक्षरे म्हणूनच अवतरतील. ते शब्द आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावेत, आणि मूळ फाँट ज्या संगणकावर आहे तो निकालात काढण्यापूर्वी फाँट अंतर्भूत केलेली पीडीएफ प्रत काढून ठेवावी. पुढे शंका आली तर पडताळण्यासाठी तेवढे एकच पान हाताशी असेल.