जिल्हा परिषदेची खाती : कोणत्या कामासाठी कोणते दार?

शेतीत वेळेइतके मोलाचे भांडवल दुसरे नाही. वाफसा कोणासाठी थांबत नाही, आणि आजारी जनावर कचेरीची वेळ पाहून आजारी पडत नाही. ऐन हंगामात एखाद्या दाखल्यासाठी शेतकऱ्यास तालुक्याच्या गावी तीन-तीन हेलपाटे घालावे लागले, तर त्याचे नुकसान केवळ एस. टी.च्या भाड्यापुरते राहत नाही. पेरा लांबतो, कोळप्याची पाळी चुकते आणि त्याचा भार वर्षभर सोसावा लागतो. पुष्कळदा असे हेलपाटे कोणी काम अडविल्यामुळे पडत नाहीत. अर्ज चुकीच्या दारात नेला जातो, म्हणून ते पडतात. यास्तव आपल्या जिल्हा परिषदेकडे कोणती खाती आहेत, त्यांच्याकडून कोणती सेवा मिळते आणि कोणते काम त्यांच्याकडे मुळीच नाही, याची माहिती प्रत्येक शेतकऱ्यास व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यास असणे अगत्याचे आहे.

जिल्हा परिषद कशी आली

पूर्वी पश्चिम महाराष्ट्रात जिल्हा लोकल बोर्डे होती, तर विदर्भातील काही भागांत जनपद सभा होत्या. त्यांचे अधिकार व उत्पन्न दोन्ही तुटपुंजे होते. १९५२ मध्ये सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला व ग्रामसेवक खेड्यात आला. परंतु लोकांचा सहभाग असल्याशिवाय हे काम मूळ धरणार नाही, असा अनुभव आला. १९५७ मध्ये बलवंतराय मेहता समितीने लोकनियुक्त संस्थांच्या हाती विकासाचा कारभार सोपविण्याची शिफारस केली. या समितीने विकास गटावर अधिक भर दिला होता. महाराष्ट्रात वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६१ मध्ये अहवाल दिला व जिल्हा हाच कारभाराचा मुख्य पाया असावा, असे सुचविले. त्यानुसार महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ हा कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. आज राज्यातील ३६ जिल्ह्यांपैकी मुंबई शहर व मुंबई उपनगर वगळता ३४ जिल्ह्यांत जिल्हा परिषदा असून ३५१ पंचायत समित्या आहेत.

गावात ग्रामपंचायत, तालुक्यात पंचायत समिती व जिल्ह्यास जिल्हा परिषद अशा या तीन पायऱ्या आहेत. जिल्हा परिषदेच्या कारभाराचे प्रमुख मुख्य कार्यकारी अधिकारी असतात, तर पंचायत समितीत गटविकास अधिकारी काम पाहतात. बहुतेक खात्यांचा अधिकारी किंवा शाखा पंचायत समितीतच असते. त्यामुळे शेतकऱ्याने प्रथम जिल्ह्याची वाट न धरता तालुक्याच्या कचेरीत चौकशी करावी, हे हितावह होय.

शेतकऱ्याच्या उपयोगाची खाती

कृषी खाते : याचे प्रमुख कृषी विकास अधिकारी असून पंचायत समितीत कृषी अधिकारी असतात. अनुसूचित जाती व नवबौद्ध शेतकऱ्यांसाठी २०१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना व अनुसूचित जमातींच्या शेतकऱ्यांसाठी बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना याच खात्यामार्फत राबविली जाते. बियाणे, खत वा कीटकनाशक सदोष असल्याचा संशय आल्यास पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडेही तक्रार करता येते. अशा वेळी खरेदीची पावती, रिकामी पिशवी व तिच्यावरील लेबल जपून ठेवावे. त्यावाचून तक्रारीस बळ येत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. राज्य शासनाच्या कृषी विभागाचे तालुका कृषी अधिकारी व पंचायत समितीचे कृषी अधिकारी हे दोन निरनिराळ्या यंत्रणांचे अधिकारी आहेत. दोघांच्या पाटीवर ‘कृषी’ हाच शब्द असल्यामुळे शेतकऱ्याची गल्लत होते. अर्ज देण्यापूर्वी योजना कोणत्या यंत्रणेची आहे, हे विचारून घ्यावे.

पशुसंवर्धन खाते : ग्रामीण भागातील पशुवैद्यकीय दवाखान्यांमार्फत उपचार, लसीकरण व कृत्रिम रेतनाची सेवा मिळते. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगाची साथ आली, तेव्हा गावोगावच्या लसीकरणाचे महत्त्व सर्वांस पटले. जनावर दवाखान्यापर्यंत नेता येत नसेल, तर १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी करून फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मागता येते.

लघुपाटबंधारे खाते : १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमता असलेले पाझर तलाव, गावतलाव व कोल्हापूर पद्धतीचे बंधारे या खात्याकडे असतात. बंधाऱ्याच्या फळ्या वेळेवर न बसल्यास किंवा तलावाच्या बांधास गळती लागल्यास येथे कळवावे.

बांधकाम खाते : इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेचे होत. राज्य मार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग हे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. मोरी वाहून गेली म्हणून तक्रार करताना रस्ता कोणत्या वर्गातील आहे, हे आधी पाहावे.

पाणीपुरवठा खाते : गावची नळयोजना व हातपंप यांचे काम येथून चालते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये दर माणशी दररोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरले आहे.

आरोग्य खाते : प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रे या खात्याकडे आहेत. सपाट प्रदेशात ३० हजार व डोंगरी किंवा आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येस एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असे मानक आहे. ग्रामीण रुग्णालये मात्र राज्याच्या आरोग्य विभागाच्या अखत्यारीत येतात.

याखेरीज प्राथमिक शाळा शिक्षण खात्याकडे, अंगणवाड्या महिला व बालकल्याण खात्याकडे आणि मागासवर्गीयांच्या अनेक योजना समाजकल्याण खात्याकडे असतात. जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातून २० टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवण्याची व्यवस्था आहे. या निधीतून कोणत्या वस्तू वा साहाय्य द्यावयाचे, हे प्रत्येक जिल्ह्यात दरवर्षी ठरते. म्हणून वर्षारंभीच पंचायत समितीत चौकशी करावी.

जे काम येथे होत नाही

सातबारा, फेरफार व वारसनोंद ही कामे महसूल विभागाची आहेत. ती तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे होतात. जमिनीची मोजणी भूमी अभिलेख खाते करते. विजेची जोडणी महावितरणकडे मागावी लागते. ‘आठ’ या आकड्यानेही अनेकांची फसगत होते : जमिनीच्या खात्याचा आठ-अ उतारा महसूल विभागाचा, तर घराच्या आकारणीचा नमुना आठ ग्रामपंचायतीचा. एक मागितला असता दुसरा नेऊन दिला, तर अर्ज परत आलाच म्हणून समजावे.

अतिवृष्टीने पीक गेल्यास महसूल, कृषी व ग्रामविकास या तिन्ही विभागांचे गावपातळीवरील कर्मचारी मिळून पंचनामा करतात. शासकीय मदत मात्र महसूल यंत्रणेमार्फत येते. यास्तव अशा वेळी तहसील कचेरीशी संपर्क ठेवावा.

विहिरीचे उदाहरण

एखाद्या शेतकऱ्यास वर सांगितलेल्या स्वावलंबन योजनेतून विहीर हवी आहे, असे समजू. त्यास सातबारा व आठ-अ महसूल विभागातून आणावा लागतो. जातीचा दाखला उपविभागीय अधिकाऱ्याकडून मिळतो. पाणी उपलब्धतेचा दाखला भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा लागतो. अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावयाचा असतो. आणि पुढील कार्यवाही पंचायत समितीचा कृषी अधिकारी करतो. एका विहिरीसाठी अशी अनेक दारे ठोठवावी लागतात. ती क्रमवार माहीत असतील, तर पावसाळ्यापूर्वी काम उरकण्यास अवधी मिळतो.

सर्वांत महत्त्वाची सूचना ही की, मंजुरी व कार्यारंभाचा आदेश हाती पडल्याशिवाय खोदाईस हात घालू नये. पाणी लागेल या उमेदीने आधीच उसनवारी करून विहीर खणली, तर ती ‘नवीन’ राहत नाही व अनुदानास मुकावे लागते. मग विहीर पदरी पडली तरी तिच्याबरोबर सावकाराचे कर्जही पदरी पडते. मंजुरीच्या एका कागदासाठी काही दिवस थांबणे त्याहून केव्हाही बरे.

अर्ज लेखी, पोच हाती

तोंडी विनंतीची नोंद कोठेही राहत नाही. अर्ज लेखी द्यावा, त्यात गाव, गट क्रमांक व मागणी स्पष्ट लिहावी आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळण्याचा नागरिकास हक्क आहे. अशा सेवांची यादी, मुदत, शुल्क व जबाबदार अधिकाऱ्याचे पद कचेरीत फलकावर लावणे बंधनकारक आहे. मुदतीत सेवा न मिळाल्यास किंवा अर्ज नाकारल्यास ३० दिवसांच्या आत प्रथम अपील करता येते. पुरेशा कारणावाचून कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद या कायद्यात आहे. हा हक्क वापरण्यात कोणाशी वैर धरण्याचा प्रश्न नाही. मात्र पोच नसेल, तर मुदत केव्हापासून मोजावयाची, हेच ठरत नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे कर्तव्य

ग्रामसेवक या पदाचे नाव आता ग्रामपंचायत अधिकारी असे झाले असले, तरी गावचा माणूस प्रथम त्यांच्याकडेच येतो. ‘हे काम माझ्याकडे नाही’ एवढे उत्तर त्याला पुरेसे नाही. ‘हे काम अमुक कचेरीत होते, तेथे अमुक कागद न्या,’ असे सांगितले तर त्याचा एक दिवस वाचतो. प्रत्येक ग्रामपंचायतीने कामाचे नाव, कचेरी, अधिकाऱ्याचे पद व लागणारे कागद अशा चार रकान्यांचा एक फलक भिंतीवर लावावा. ज्यांस वाचता येत नाही त्यांच्यासाठी तो ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावा. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हावयाच्याच असतात. त्यांपैकी खरिपापूर्वीच्या सभेत हा विषय अवश्य घ्यावा.

शेतकरी बंधु-भगिनींनो, जिल्हा परिषद ही आपल्याच मतांनी उभी राहिलेली संस्था आहे. तिच्या घरास दारे पुष्कळ आहेत. कोणते दार आपले, हे ठाऊक असेल तर ते ठोठावताना संकोच वाटणार नाही आणि हंगामातील मोलाचे दिवस कचेरीच्या ओसरीवर न जाता शेतातच खर्ची पडतील.