जनावरांच्याही डोळ्यांचा दाब मोजायला हवा

करंजाडे (पनवेल) : सिडकोच्या वसाहतीमुळे करंजाड्याचे रूप पालटले असले, तरी पनवेल तालुक्यातील गावांत आजही दावणीला बैल आणि गाई-म्हशी बांधलेल्या दिसतात. बैलगाडा शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने 18 मे 2023 रोजी वैध ठरविला आणि शर्यतीच्या बैलांना पुन्हा मोल आले. लग्नसराईत वरातीचे घोडे लागतात, तर जवळच्या माथेरानमध्ये पर्यटकांना पाठीवर घेऊन चालणाऱ्या घोड्यांवर अनेक कुटुंबांची चूल पेटते. या जनावरांचे पाय, खूर आणि पोट यांची मालक डोळ्यांत तेल घालून काळजी घेतो. त्यांच्या डोळ्यांकडे मात्र ते लाल होऊन पाणी गळू लागेपर्यंत सहसा कोणी पाहत नाही. त्यानंतरही काही ठिकाणी मिठाचे वा तंबाखूचे पाणी मारून वेळ काढली जाते. तेवढ्या काळात दृष्टी कायमची जाऊ शकते.

माणसाप्रमाणेच घोड्याच्या आणि गाई-बैलांच्या डोळ्यात एक पारदर्शक द्रव सतत तयार होत असतो आणि तितक्याच प्रमाणात तो बाहेर वाहून जात असतो. या आवक-जावकीतून डोळ्याच्या आत ठरावीक दाब राहतो व डोळ्याचा गोल आकार टिकतो. माणसात हा दाब साधारणतः पाऱ्याच्या 10 ते 21 मिलिमीटर इतका असतो. निरोगी घोड्यात तो ढोबळमानाने 15 ते 30 च्या दरम्यान आढळतो. गाई-बैलांचे आकडेही बरेचसे याच पट्ट्यात येतात. द्रव बाहेर पडण्याची वाट बुजली की दाब वाढतो, डोळ्यामागची दृष्टीची नस दबते आणि काचबिंदू होतो. उलट डोळ्याच्या आतील भागाला सूज आली की द्रव कमी तयार होतो आणि दाब उतरतो.

दोन्ही विकारांत डोळा लाल दिसतो, पाणी येते, बुबुळावर निळसर-पांढरी झाक धरते. वरवर पाहून फरक कळणे कठीण असते आणि उपचार तर परस्परविरोधी आहेत. आतील सुजेवर बाहुली मोठी करणारे अॅट्रोपीनचे थेंब हे प्रमुख औषध मानले जाते. दाब वाढलेला असताना तेच औषध घातक ठरू शकते. म्हणूनच दाबाच्या आकड्यावर उपचाराची दिशा ठरते.

घोड्यांमध्ये वरचेवर उद्भवणारी आतील सूज हे अंधत्वाचे जगभरातील एक मोठे कारण आहे. जुन्या काळी चंद्राच्या कलांशी तिचा संबंध जोडला गेल्याने इंग्रजीत तिला ‘चांद्र अंधत्व’ अशा अर्थाचे नाव पडले. लेप्टोस्पायरा जंतूंशी तिचा निकटचा संबंध असल्याचे परदेशातील अभ्यासांत दिसून आले आहे. 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर मुंबई परिसराला ‘लेप्टो’ हा शब्द चांगलाच परिचित झाला. घोड्याच्या बाबतीत संसर्गानंतर कित्येक महिन्यांनी डोळा सुजू शकतो, त्यामुळे मालकाला दोहोंतील दुवा लक्षातही येत नाही. सुरुवातीच्या हल्ल्यांत दाब कमी असतो. पुढे व्रण धरून द्रवाची वाट बंद झाली की त्याच डोळ्यात दाब चढतो. गेल्या वर्षीचे उरलेले औषध यंदा घालणे म्हणूनच जोखमीचे आहे.

डासांचा सुळसुळाट असलेल्या भागात आणखी एक धोका संभवतो. गुरांच्या पोटात आढळणाऱ्या ‘सेटारिया’ जातीच्या कृमीची पिल्ले डासांमार्फत घोड्याच्या शरीरात शिरतात आणि क्वचित डोळ्यात पोहोचतात. पांढरा दोऱ्यासारखा जंत बुबुळामागे वळवळताना चक्क दिसतो. तो शस्त्रक्रियेनेच काढावा लागतो. बैलांच्या बाबतीत शिंगाचा वा काठीचा मार, माश्यांमुळे पसरणारी डोळ्यांची साथ आणि त्यानंतरची सूज ही दाब बिघडण्याची नेहमीची कारणे होत.

दाब मोजतात कसा? नॉर्वेचे नेत्रतज्ज्ञ ह्यालमार श्योट्झ यांनी 1905 मध्ये तयार केलेले उपकरण डोळ्यावर उभे ठेवावे लागते. त्यासाठी डोळा आकाशाकडे वळवावा लागत असल्याने उभ्या घोड्या-बैलात ते गैरसोयीचे ठरते. नंतर आलेले पेनासारखे ‘टोनो-पेन’ हे उपकरण भुलीचे थेंब घालून बुबुळाला अलगद टेकवतात. ‘टोनोव्हेट’मध्ये एक सूक्ष्म सळई बुबुळावर आपटून मागे उसळते. दाब जितका जास्त, तितकी ती लवकर उसळते. यात भुलीच्या थेंबांचीही गरज पडत नाही.

मात्र उपकरण चांगले असूनही आकडा फसवू शकतो. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गुंगीचे औषध दिलेल्या 30 घोड्यांचे डोके हृदयाच्या पातळीखाली आणि वर ठेवून दाब मोजण्यात आला. डोके खाली असताना तो सरासरी 8 मिलिमीटरने अधिक भरला. एवढ्या फरकाने निरोगी घोडा रोगी ठरू शकतो. घोडा पापणी जोरात मिटतो, तेव्हाही दाब वाढतो. त्यासाठी पापणीची नस तात्पुरती बधिर करतात. गुंगीच्या काही औषधांनी दाब उलट उतरतो. गळ्याभोवतीचा दोर आवळला गेला तर शिरांत रक्त तुंबून आकडा चढतो. त्यामुळे बैल खोड्यात शांत उभा असावा, दोर सैल असावा, डोके हृदयाच्या पातळीवर असावे आणि दोन्ही डोळ्यांची तुलना व्हावी, हे पाहणे मालकाच्याही हाती आहे. घोड्यात काचबिंदूचा दाब दिवसभरात खालीवर होत असल्याने एकदा नीट आला म्हणून निश्चिंत राहता येत नाही.

बोटाने डोळा दाबून अंदाज घेण्याचा मोह टाळावा. बुबुळाला खोल जखम असेल तर डोळा फुटण्याची भीती असते. माणसांच्या काचबिंदूचे थेंबही परस्पर घालू नयेत. लॅटॅनोप्रोस्ट हे माणसांत गुणकारी ठरलेले औषध घोड्याच्या डोळ्याला झोंबते आणि त्याचा लाभ फारसा होत नाही. टिमोलॉल व डॉर्झोलॅमाइड ही औषधे घोड्यात वापरली जातात, पण पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच.

एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा दिसणे, बुबुळावर पांढऱ्या रेषा उमटणे, उजेडात डोळा मिटून घेणे, एकाच बाजूला अडखळणे यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा किंवा 1962 या क्रमांकावर संपर्क साधावा. विशेष तपासणीची गरज भासल्यास 1886 पासून परळ येथे कार्यरत असलेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय करंजाड्यापासून काही तासांच्या आत गाठता येते. जनावराला दिसेनासे झाले आहे हे मालकाच्या ध्यानात येते, तोवर बहुधा एक डोळा गेलेला असतो. तपासणी लवकर झाली, तर निदान दुसरा वाचविण्याची संधी मिळते.