दिवाणखान्यात समुद्र आणायचा म्हटलं, तर...

मैत्रिणींनो, आपला दिवाणखाना चारचौघांत उठून दिसावा, ही हौस कुणाला नसते? शोकेस झाली, झुंबर झालं, गोड्या पाण्यातल्या माशांची काचपेटीही पुष्कळ घरांत आली. आता नांदेड-लातूरकडंही एक नवी फर्माईश ऐकू येते. खाऱ्या पाण्याची मोठी टाकी हवी आणि आत टीव्हीत दिसतात तशी रंगीत पोवळी हवीत! मुलं हट्ट धरतात, 'ह्यां'नाही कल्पना आवडते, दुकानदार तर सगळं बसवून द्यायला तयारच असतो. पण बसवून देणारा संध्याकाळी आपल्या घरी जातो. त्यानंतर टाकीचं दुखणं-खुपणं बघायचं कुणी? बहुतेक घरांतलं उत्तर तुम्हाला-मला ठाऊक आहे! म्हणून 'हो' म्हणण्याआधी सगळा हिशेब नीट समजून घ्या.

पोवळं हा दगड नव्हे

मंगळसूत्रात आपण पोवळं ओवतो, मंगळासाठी अंगठीत घालतो, आणि त्याला खडा म्हणतो. खरं तर तो एका समुद्री प्राण्याचा सांगाडा. दागिन्यातलं लाल पोवळं पूर्वापार भूमध्य समुद्रातून येत आलं. टाकीत हवी असतात ती पोवळी वेगळी. त्यांना प्रवाळ म्हणतात. लाखो चिमुकले जीव चुन्याची घरं बांधत एकमेकांना चिकटून राहतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ असतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि यजमानाला भरवतं. रंगही बराचसा त्याचाच. पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की हे शेवाळ निघून जातं, प्रवाळ पांढरं फटक पडतं, आणि पुष्कळदा मरतं.

हे दूरचं वाटतं ना? मग २०१६ साल आठवा. त्या वर्षी मार्चमध्ये लातूरला पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला १० वाघिणी आणि सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. आपला पाऊस हिरावून नेण्यात ज्या 'एल निनो'चा हात होता, त्यानंच त्या सुमाराला समुद्र तापवला आणि लक्षद्वीपपासून ऑस्ट्रेलियापर्यंतची प्रवाळं पांढरी पडली. आपण आणि ते जीव, दोघंही एकाच तापात होरपळलो होतो.

कायदा काय म्हणतो?

ही गोष्ट पुष्कळजणींना माहीतच नसते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सगळी खडक बांधणारी प्रवाळं घातली गेली. त्यांच्यासोबत काळं पोवळं, समुद्रपंखा आणि समुद्रघोडाही आला. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच यांना. गुन्हा सिद्ध झाला तर किमान ३ आणि कमाल ७ वर्षं कैद, शिवाय दंड. शोकेसमध्ये ठेवायला घेतलेला सुका तुकडासुद्धा यात येतो. "बाहेरच्या देशातलं आहे, चालतं," असं दुकानदार म्हणाला, तर कागदपत्रं मागा. कागद नसतील तर सरळ उठून या. 'लाइव्ह रॉक' म्हणून विकले जाणारे दगडही पुष्कळदा समुद्रातून फोडून आणलेले असतात.

म्हणून घरात जिवंत प्रवाळं नकोतच. सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे दगड आणि बनावटी प्रवाळं घ्या. त्यांच्यामागून मासे डोकावू लागले, की पाहुण्यांना फरक कळतही नाही.

जागा आणि वजन

५ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच अशा टाकीत दगड-वाळू धरून साधारण ५०० लिटर पाणी मावतं. नुसतं पाणीच ५०० किलोंच्या वर भरतं. काच, दगड, वाळू आणि स्टँड मिळून ७०० किलो सहज होतात. म्हणजे दहा-बारा माणसं रात्रंदिवस एकाच जागी उभी! जुन्या वाड्यात माळवदावर तर ही टाकी ठेवूच नका. तळमजल्यावर, पक्क्या फरशीवर, भिंतीलगत ठेवा. १९९३ चा किल्लारीचा भूकंप आपण विसरलेलो नाही, तेव्हा स्टँड रुंद बुडाचा असू द्या आणि भिंतीला जखडून घ्या. खिडकीतलं ऊन टाकीवर पडू देऊ नका. विजेची वायर बटणाच्या खाली झोळ देऊनच वर न्या, म्हणजे ओघळणारं पाणी प्लगमध्ये शिरणार नाही.

पाण्याचा हिशेब

बोअरचं पाणी इथं चालत नाही. त्यातले क्षार आणि नायट्रेट टाकीला बाधतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीनही नको. आर.ओ.चं पाणी घ्यावं लागतं, आणि एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर पडतं. म्हणजे ५०० लिटरसाठी दीड-दोन हजार लिटर पाणी लागलं! बाहेर पडलेलं पाणी साठवून भांडी, फरशी आणि संडासासाठी वापरा.

मीठ स्वयंपाकघरातलं नको. समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम असं बरंच काही असतं. मत्स्यालयासाठी खास मिश्रण मिळतं, ते लिटरला ३५ ग्रॅम या प्रमाणात, म्हणजे पूर्ण टाकीला साडेसतरा किलो लागतं. पिंपात एक दिवस पंपानं ढवळू द्या आणि मगच टाकीत ओता. दर पंधरा दिवसांनी ५० लिटर पाणी बदलायचं. काढलेलं खारं पाणी मोरीतच सोडा. तुळशीला किंवा परसातल्या झाडांना घातलंत, तर झाडं गेलीच म्हणून समजा.

मे महिन्यात रोज चार-पाच लिटर पाणी नुसतं उडून जातं. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून ही भर गोड्या, शुद्ध पाण्याचीच घालायची.

ऊन आणि वीज

या माशांना २५-२६ अंशांचं पाणी मानवतं. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा ४२ च्या वर जातो! पाण्यावर पंखा सोडला तर दोन-तीन अंश उतरतात. एरवी चिलर लागतो, आणि तो महागच. वीज गेली की पाण्यातला प्राणवायू भराभर कमी होतो, तेव्हा बॅटरीवरचा हवेचा पंप जवळ हवाच. बिलाचा अंदाज सोपा आहे. १०० वॅटचं यंत्र चोवीस तास चाललं, तर महिन्याला ७२ युनिट.

घाई नको, विरजण लागू द्या

टाकी भरली की लगेच मासे सोडू नका. दह्याला विरजण लागतं, तसं टाकीलाही लागतं. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो, आणि तो विषारी असतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग सौम्य नायट्रेट करणारे जिवाणू दगड-वाळूवर वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तपासणीच्या किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले, की पहिले दोन मासे सोडा.

मासे हॅचरीत वाढवलेलेच मागा. नारिंगी-पांढऱ्या क्लाऊनफिशची पैदास केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं आपल्या देशात यशस्वी केली आहे. हा मासा समुद्रफुलाशिवायही टाकीत छान राहतो. आणि गंमत पाहा, या कुटुंबात सगळ्यांत मोठी आणि मानाची असते ती मादी! ती गेली की तिचा नरच मादी होऊन घर सांभाळतो.

आता शेवटचा प्रश्न

रोज दोनदा खाणं, तापमान पाहणं, पाण्याची भर, काच पुसणं, बाहेर साचलेलं मीठ टिपणं, एवढं काम वर्षाचे बाराही महिने आहे. घरात कुणी काय करायचं, याचा कागद टाकी घेण्याआधीच लिहून फ्रिजवर लावा. दिवाळीत तुम्ही माहेरी जाल तेव्हा कोण बघणार, तेही त्यात असू द्या. ज्यांची हौस, त्यांची नावं त्यात वर आली पाहिजेत. कागद भरला, पाणी पुरेसं आहे, वीज परवडते, तर खुशाल टाकी घ्या.

आणि ज्या घरात पाणी रोज येत नाही, तिथं 'नको' म्हणायला अजिबात संकोचू नका. तो पैसा वेगळा काढून ठेवा आणि मुलांना सुट्टीत मालवणला न्या. तिथल्या समुद्राला १९८७ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ मार्गदर्शकासोबत पाण्यात डोकावलं, की प्रवाळं त्यांच्या स्वतःच्या घरी दिसतात. मुलांना एवढंच बजावा, "बघा, पण हात लावू नका, पाय ठेवू नका."