गटाच्या जुन्या टेम्पोला स्वस्तात पार्ट कसे मिळतील?



गेल्या महिन्यात एका गटाच्या ताईंचा फोन आला होता. त्यांच्या गटाने भाजी बाजाराला न्यायला जुना छोटा हत्ती घेतलाय, २०११ सालचा. चढाला गाडी ओढेना म्हणून गॅरेजला नेली. मेकॅनिक म्हणाला, क्लच गेला. कंपनीचा टाकला तर इतके, लोकल टाकला तर त्याच्या निम्मे. ताईंनी मला विचारलं, "निम्म्यात काम होत असेल तर जास्त पैसे का घालायचे? आणि होत नसेल, तर ते आम्हाला कळायचं कसं?"

यातला दुसरा प्रश्न खरा. गाडी गटाची, हप्ता गटाचा, आणि पार्टाचं नाव मात्र फक्त ड्रायव्हरला आणि मेकॅनिकला माहीत, अशी बऱ्याच गटांची गत आहे. आमच्या गटाचीही होती. म्हणून आज हाच विषय घेतला. क्लचचं उत्तर शेवटी देते, आधी थोडं मागचं सांगायला हवं.

छोटा हत्ती म्हणजे टाटा एस. २००५ साली ही गाडी आली. दोन सिलिंडरचं ७०२ सीसीचं डिझेल इंजिन, पाऊण टन माल. अशा वीस लाखांहून जास्त गाड्या विकल्या गेल्या. याचा आपल्याला मोठा फायदा आहे. जी गाडी इतकी चालते तिचे पार्ट बनवणारेही पुष्कळ असतात, त्यामुळे पार्ट मिळत नाही अशी वेळ सहसा येत नाही. अडचण वेगळीच असते. दुकानदार एकाच पार्टाचे चार डबे समोर मांडतो, चारांच्या चार किमती सांगतो, आणि आपण गप्प उभ्या राहतो.

त्या चार डब्यांचं गणित असं. पहिला डबा गाडीच्या कंपनीच्या नावाचा. तो महाग. पण गाडी बनवणारी कंपनी प्रत्येक पार्ट स्वतः बनवत नाही. क्लच एकाकडून घेते, बेअरिंग दुसऱ्याकडून, सेल्फ आणि अल्टरनेटर तिसऱ्याकडून. हे बनवणारे कारखाने तसाच माल स्वतःच्या नावाच्या डब्यात घालून बाजारातही विकतात. हा दुसरा डबा. दुकानदार याला "मेकचा माल" म्हणतात. दर्जा चांगला आणि किंमत बहुतेक वेळा पहिल्यापेक्षा कमी. डिझेलच्या नोजलचंच बघा. नाशिकला बॉशच्या कारखान्यात नोजल बनतात. २००८ पर्यंत त्या कंपनीचं नाव मायको होतं, म्हणून जुने पंपवाले आजही "मायकोचं नोजल" असंच मागतात. बेअरिंगमध्ये एसकेएफ, एनबीसी ही नावं तुम्ही शेतातल्या मोटारीवरसुद्धा वाचली असतील. जुन्या गाडीला बहुतेक कामांत हा दुसरा डबा घ्यावा, असं माझं मत आहे.

तिसरा डबा लोकल. त्यातही बरा आणि वाईट असे दोन्ही असतात. चौथा डबा सगळ्यात वाईट, कारण तो खोटा. वर नाव मोठ्या कंपनीचं, आत माल कुठला तरी. छपाई फिकी, नावाच्या स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर इकडचं तिकडे, होलोग्राम नाही किंवा नखाने निघतो, किमतीवर दुसरी पट्टी चिकटवलेली. पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि एमआरपी छापणं कायद्याने बंधनकारक आहे. ते नसेल तर डबा खाली ठेवायचा. आपण तिखटाच्या पाकिटावर हेच सगळं छापतो की, मग वाचायला का लाजायचं?

आता मुख्य गोष्ट. दुकानात पार्टाचं नाव सांगून भागत नाही, नंबर सांगावा लागतो. मी पहिल्यांदा तालुक्याला गेले तेव्हा म्हणाले, "ते चाकातलं गोल रबर द्या." दुकानदाराने दिलं. गावी आल्यावर ते बसेना. दीड मिलिमीटरचा फरक होता. परत चाळीस किलोमीटर जाणं, परत येणं, गाडी दोन दिवस उभी, आणि टोमॅटो शेतातच लाल झाले. त्या रबराला ऑइल सील म्हणतात आणि त्याच्यावर तीन आकडे असतात, हे मला तेव्हा कळलं. समजा ३५-५०-८ लिहिलंय. तर आतला गाळा ३५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ५० आणि जाडी ८. हे तीन आकडे ज्या सीलवर असतील ते बसणार, मग ती सील कुठल्याही गाडीच्या नावाने विकली जावो.

बेअरिंगचंही तसंच. त्याच्या कडेवर बारीक इंग्रजी आकड्यांत नंबर कोरलेला असतो. चिंधीला रॉकेल किंवा डिझेल लावून पुसा म्हणजे दिसतो. समजा ६२०४ आहे. यातल्या शेवटच्या ०४ ला पाचने गुणा, वीस आले. म्हणजे आतला गाळा वीस मिलिमीटरचा. ६२०४ नंबरचं बेअरिंग कुणीही बनवलेलं असो, मापाला तेच. पाण्याच्या मोटारीतही ते सापडतं. म्हणून बेअरिंग गाडीच्या दुकानातूनच घ्यायला हवं असं नाही, बेअरिंगच्या दुकानात तेच पुष्कळदा स्वस्त पडतं. फक्त नंबरापुढची अक्षरंही लिहून न्या. झेडझेड असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण, टू आरएस असेल तर रबराचं. फॅन बेल्टवर नंबर असतो, बल्बवर व्होल्ट आणि वॅट असतात. टायरच्या कडेला लांबट चौकटीत चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. "नवा कोरा आहे ताई" म्हणून पाच वर्षं दुकानात पडलेला टायर गळ्यात मारायला आला, तर एवढं वाचता यायला हवं.

ज्या पार्टावर असा साधा नंबर नसतो, त्यासाठी आरसी बुक काढा. त्यात चासी नंबर, इंजिन नंबर आणि गाडी बनल्याचा महिना-वर्ष असतं. एकाच नावाच्या गाडीत सालाप्रमाणे पार्ट बदलतात. देशभर एप्रिल २०१७ पासून बीएस-४ आणि एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, तेव्हा इंजिनच्या बाजूचं बरंच काही बदललं. नुसतं "छोटा हत्ती" सांगितलं की दुकानदार अंदाजाने देतो. कंपनीच्या अधिकृत दुकानात चासी नंबर सांगितला तर ते संगणकावर बघून नेमका पार्ट नंबर सांगतात. तो वहीत उतरवून घ्या. एकदा नंबर हातात आला की चार दुकानांना फोन करून भाव विचारता येतो, आणि फोनवर विचारणाऱ्या बाईला कुणी उगाच काहीही भाव सांगत नाही.

आणि जुना पार्ट. तो गॅरेजमध्ये कधी सोडायचा नाही. तोच आपला नमुना, आणि पार्ट खरोखर बदलला याचा पुरावाही तोच. जुनी बॅटरी मात्र दुकानात परत द्या, नव्या बॅटरीच्या किमतीतून तिचे पैसे कमी करून घ्या.

कित्येकदा नवा पार्ट लागतच नाही. आमच्या गाडीचा सेल्फ उचलेना. मेकॅनिक म्हणाला, सेल्फ गेला, नवा टाका, काही हजारांचं काम. गाड्यांची वायरिंग करणाऱ्याकडे नेला. त्याने खोलून दाखवलं, आतले कार्बन झिजले होते आणि एक बुश गेला होता. काही शंभरांत काम झालं आणि सेल्फ अजून चालतोय. मेकॅनिक खोटं बोलला असं मी म्हणत नाही. त्याचं काम गाडी उभी न ठेवण्याचं, त्याला अख्खा सेल्फ बदलणं सोपं जातं. पण खोलून दुरुस्त करणारा माणूस वेगळा असतो, हे आपल्याला ठाऊक हवं. पाट्याचं एक पान तुटलं तर तेवढंच बदलता येतं. रेडिएटर गळत असेल तर आधी तो दुरुस्त करणाऱ्याकडे न्यावा. ब्रेकचे लोखंडी शू चांगले असतील तर नवे लायनर बसवून घेता येतात, पण लायनर मेकचेच आणायचे. मास्टर सिलिंडर आतून गुळगुळीत असेल तर नुसतं रबराचं किट टाकून भागतं, आत खाच पडली असेल तर मात्र नवाच. लेथची मोठी कामं निघाली तर कोल्हापूरकडच्या बायांना उद्यमनगर माहीत आहे. पुण्याकडच्यांनी पार्टांसाठी नाना पेठेत एक चक्कर मारावी. एका पार्टासाठी जाऊ नका, यादी करून जा. नाहीतर वाचलेले पैसे एसटीच्या तिकिटातच जातात.

भंगारात जायचं तर दरवाजा, काच, आरसा, सीट, दिव्याचं घर असल्या गोष्टींसाठी खुशाल जा. गिअर बॉक्ससुद्धा बघता येतो, पण बिल घेऊनच. इंजिनच्या बाबतीत जपून. त्यावर नंबर असतो, तो बदलला की आरटीओत नोंद करावी लागते. बिनकागदाचं इंजिन चोरीचं निघालं तर पोलीस गटाच्या अध्यक्षांच्या दारात उभे राहतात, भंगारवाल्याच्या नाही.

आता काटकसर कुठे करायची नाही ते ऐका. ब्रेकची रबरं, ब्रेक ऑइल, स्टिअरिंगचे टाय रॉड एंड, किंगपिन, टायर. हे जुनं घ्यायचं नाही, डबा न बघता घ्यायचं नाही, आणि "वेल्डिंग मारून चालवू" असं स्टिअरिंगच्या पार्टाबद्दल कुणी म्हटलं तर गाडी तिथून हलवायची नाही. माल उतरवून परत येताना मागच्या हौद्यात आपल्याच बाया बसलेल्या असतात. मालाच्या गाडीत माणसं बसवणं कायद्यात बसत नाही. तरी बसतात, मला माहीत आहे, मीही बसलेय. त्या घाटात ब्रेक लागला नाही तर वाचवलेल्या दोनशे रुपयांचा हिशोब कुणापुढे मांडायचा?

या यादीत मी डिझेल फिल्टरही घालते. बिचारा लहानसा पार्ट, म्हणून लोक सगळ्यात स्वस्तातला घेतात. खोट्या फिल्टरचा कागद पातळ असतो, बारीक धूळ आणि पाणी त्यातून पुढे जातं आणि पंप-नोजल खातं. फिल्टरात जेवढे वाचले त्याच्या कितीतरी पट पंपवाल्याला द्यावे लागतात.

पैशांच्या व्यवहाराचंही बोलू. मेकॅनिकने आणलेल्या पार्टावर दुकानदार त्याला काही सोडतो, हे उघड गुपित आहे. त्यावरून भांडू नये. आधीच सांगावं, "दादा, पार्ट आम्ही आणू, तुमची मजुरी काय ती सांगा." तो मजुरी थोडी वाढवेल, वाढवू द्या. बिल मात्र गटाच्या नावाने, त्यावर पार्ट नंबर आणि बनवणाऱ्याचं नाव लिहिलेलं. सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे, आधी पुष्कळ पार्टांवर २८ होता. जुन्या दराने कर लावलेला दिसला तर तिथल्या तिथे विचारा. आमच्या वहीत गाडीची दोन पानं वेगळी आहेत. कुठला पार्ट, कुठल्या तारखेला, किती किलोमीटरवर, कितीला. मालाच्या गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग करावं लागतं. त्याआधी ही पानं उघडली की काय करून घ्यायचंय ते समजतं. सलग दोन वर्षं पार्टांचा खर्च भाड्याच्या कमाईच्या जवळ पोचला, तर गाडी विकायची का हे बैठकीत मांडायला हवं, आणि तेही याच पानांवरून दिसतं.

आता ताई, तुमचा क्लच. क्लच बदलायला गिअर बॉक्स उतरवावा लागतो, आणि मजुरीचा मोठा वाटा त्या उतरवण्या-चढवण्याचा असतो. लोकल प्लेट टाकली आणि ती लवकर झिजली तर तीच मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागेल. म्हणून निम्म्या किमतीचा क्लच इथे स्वस्त पडत नाही. मेकच्या डब्यातला सेट घ्या, त्यात क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही आहेत का ते बघा. गिअर बॉक्स खाली आला की मेकॅनिकला दोन गोष्टी दाखवायला सांगा. मागची क्रँकची ऑइल सील गळतेय का, कारण तेल प्लेटवर आलं की नवा क्लचसुद्धा घसरतो. आणि फ्लायव्हीलला खाचा पडल्यात का. पडल्या असतील तर लेथवर तोंड मारून घ्यायचं. पण त्याही आधी, गाडी खोलायच्या अगोदर, क्लचची ॲडजस्टमेंट नीट आहे का ते एकदा बघायला लावा. कधी कधी तेवढ्यानेच गाडी ओढायला लागते.

काम झालं की जुनी प्लेट घरी आणा आणि मला फोन करून सांगा, ती किती झिजली होती. पुढच्या बुधवारी ते सगळ्यांना ऐकवू.