पाळकाचे काम आणि एक पेनी

प्रॉटेस्टंट ख्रिस्ती मंडळीत धर्मगुरूला मराठीत 'पाळक' म्हणतात. शब्द मोठा बोलका आहे. 'पास्टर' या मूळच्या लॅटिन शब्दाचा अर्थही मेंढपाळ असाच. मेंढपाळाने पावा किती गोड वाजविला हे कोणी विचारीत नाही. संध्याकाळी मेंढरे मोजून आत घेतली की नाही, एवढेच विचारतात. परंतु रविवारी उपासनेत पुढे उभा राहून जो गीते सांगतो आणि प्रार्थना चालवितो, त्याच्याविषयी लोक आवाजाचीच चौकशी करतात. त्याच्या वाट्याला पाळकपणाचा काही अंश येतो काय, हे येथे पाहावयाचे आहे. आम्ही धर्मशास्त्राचे पंडित नव्हे. कामगारांच्या संघटनेत आयुष्य गेले, आणि त्याच वाटेने इंग्लंडातील मेथडिस्ट पंथाच्या इतिहासापाशी येऊन पोहोचलो. म्हणून उदाहरणही त्याच पंथाचे घेतो.

त्या काळी इंग्लंडातील पुष्कळ गोरगरिबांना वाचता येत नसे. म्हणून एकाने स्तोत्राची ओळ वाचावी व मंडळीने ती मागोमाग गावी, अशी चाल होती. आपल्या भजनातल्यासारखीच म्हणा ना. पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी १७६१ मध्ये गाण्याचे नियमच छापले. सर्वांनी गावे, मोकळ्या गळ्याने गावे. पण आपलाच आवाज इतरांच्या वर ऐकू यावा म्हणून ओरडू नये, पुढे धावू नये, मागे रेंगाळू नये. यात संगीतापेक्षा माणसे बरोबर घेऊन चालण्याचीच शिकवण अधिक आहे, असे आमचे मत आहे.

परंतु माणसे सांभाळण्याची खरी व्यवस्था जन्मली ती कर्जापायी. ब्रिस्टल शहरात वेस्लींनी १७३९ मध्ये एक सभागृह बांधावयास घेतले. जवळच किंग्जवुडच्या कोळशाच्या खाणी. त्यांच्या उपदेशाला येणाऱ्यांत कष्टकऱ्यांचा भरणा मोठा. इमारत झाली, पण कर्ज फिटेना. १५ फेब्रुवारी १७४२ रोजी विचारविनिमय चालला असता एका कप्तानाने सुचविले की, कर्ज फिटेपर्यंत प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कोणी तरी म्हणाले, पुष्कळांना तेवढीही झेपणार नाही. तेव्हा त्याने उत्तर दिले की, सर्वांत गरीब अशी अकरा माणसे माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, आणि ज्यांना देता येणार नाही त्यांची पेनी मी भरीन. मग इतरही तसे करावयास तयार झाले.

पेनीसाठी दार ठोठावले की घर दिसते. कोणाची चूल थंड आहे, कोण पिऊन पडला आहे, कोणा नवराबायकोत बोलणे नाही, हे व्यासपीठावरून कळत नाही. गिरणीच्या दारात आणि चाळीच्या जिन्यात ज्याने वर्गणीच्या पावत्या फाडल्या आहेत, त्याला याचे नवल वाटणार नाही. वर्गणी थांबली की समजावे, घरात दुखणे आहे किंवा सावकार दारात बसला आहे. वेस्लींच्या कानावर अशा हकिगती येऊ लागल्या, तेव्हा हवी होती ती गोष्ट आपसूक हाती आली, हे त्यांनी ओळखले. १७४३ च्या नियमांत वर्गाच्या पुढाऱ्याचे कर्तव्य स्पष्ट लिहिले गेले: आपल्या वर्गातील प्रत्येकास आठवड्यातून एकदा तरी भेटावे, त्याच्या आत्म्याची खुशाली विचारावी, समज द्यावी, धीर द्यावा, आणि गरिबांसाठी तो देईल ते घ्यावे. हे पुढारी दीक्षा घेतलेले पाद्री नव्हते. साधी कामकरी माणसे होती, आणि त्यांत पुष्कळ स्त्रियाही होत्या.

अडचणीही आल्या. घरोघर फिरण्याइतका वेळ पुढाऱ्यांजवळ नसे. कित्येक सभासद धन्याच्या घरी नोकर; तेथे धनी भेटू देईना, आणि भेट झाली तरी चारचौघांत मनातले कोण बोलणार? म्हणून वर्गाने आठवड्यातून एकदा एकत्र जमावे असे ठरले. या व्यवस्थेला दुसरी बाजूही होती. दर तिमाहीस सभासदाला तिकीट मिळे; वागणूक बरी नसेल तर ते रोखले जाई. ज्याला घरात येऊ दिले तोच उद्या तक्रार नेणार, हे भय काही थोडे नव्हे. विचारपूस आणि पाळत यांमधली भिंत पातळ असते.

या वर्गांतून माणसे बोलावयास, हिशेब ठेवावयास आणि एकमेकांची जबाबदारी घ्यावयास शिकली. १८३४ मध्ये टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांना संघटनेच्या शपथेवरून सात वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यांचा म्होरक्या जॉर्ज लव्हलेस हा मेथडिस्ट उपदेशक होता. पंथाचे वरिष्ठ मात्र अशा संघटनांकडे बहुधा संशयानेच पाहत, हेही सांगितले पाहिजे.

आता उपासनेकडे वळू. बायबलातील दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक-तृतीयांश विलापाची आहेत. ज्या घरात कालच मूल गेले, त्या घरची आई उपासनेला आली असता एकामागून एक आनंदाचीच गीते लावली, तर तिला मुकाट बसण्यावाचून गत्यंतर नाही. गीत निवडणे हेही पाळकाचेच काम ठरते ते यामुळे. आणि ते साधावयाचे तर ती आई आज बाकावर आहे, हे आधी ठाऊक असावे लागते.

ब्रिटनच्या मेथडिस्ट मंडळीत उपदेशक ठरलेल्या पत्रकाप्रमाणे आज या चर्चमध्ये तर पुढच्या रविवारी त्या चर्चमध्ये जातो. त्याला तेथील घरे कशी ठाऊक असणार? तेथे 'वर्शिप लीडर' म्हणून रीतसर नेमलेली माणसे असतात. ती त्याच मंडळीतली, शेजारपाजारची. उपदेशक बाहेरगावाहून आलेला असतो. इस्पितळात कोण आहे, कोणाचे काम सुटले, प्रार्थनेत आज कोणाची आठवण करावयाची, हे त्याला त्यांच्याकडूनच कळते.