शंभर रुपयांत अब्बांचा दिवस

आमचे अब्बा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. आगगाडी हा त्यांचा जुना शौक. पुण्याला आगगाडी 1858 साली आली, स्टेशनची आजची इमारत 1925 सालची, दख्खनची राणी 1 जून 1930 रोजी पहिल्यांदा धावली, हे सगळे त्यांना तोंडपाठ. पण गुडघे धरल्यापासून त्यांचे घराबाहेर पडणे म्हणजे जुम्म्याची नमाज आणि दवाखाना, एवढेच उरले होते. मेट्रोत बसू या म्हटले की म्हणायचे, "कायकू खर्चा? जाना कहां है?"

खरेच, जायचे कुठे नव्हतेच. नुसते फिरायचे होते. त्यासाठी मेट्रोचा एक दिवसाचा पास बरा. शंभर रुपयांत दिवसभर कुठेही चढा, कुठेही उतरा. दिवाळीच्या सुट्टीतल्या एका मंगळवारी आम्ही दोघे, सातवीतला मुलगा आणि अब्बा कोंढव्याहून रिक्षाने स्वारगेटला पोहोचलो. "पैसे भरून झालेत, आता उतरलात काय न उतरलात काय, खर्च तेवढाच," असे सांगितल्यावर अब्बांचा चेहरा खुलला.

सरकत्या जिन्याची त्यांना भीती वाटते, म्हणून लिफ्टने खाली गेलो. सफरची दुआ पढून अब्बा खिडकीशी बसले. स्वारगेट ते सिव्हिल कोर्ट हा भुयारी टप्पा 29 सप्टेंबर 2024 रोजी सुरू झाला. मंडई, कसबा पेठ आणि मग मुठेच्या पात्राखालून गाडी जाते. "या पेठांतून मी सायकल चालवली. आज त्यांच्या पोटातून चाललोय," अब्बा म्हणाले.

सिव्हिल कोर्टचे भुयारी स्टेशन सुमारे 33 मीटर खोल आहे आणि वनाज-रामवाडीची गाडी वर पुलावरून धावते. तिथे गाडी बदलून वनाज गाठले. वाटेत मुलाची शिकवणी सुरू झाली. मोठ्या रेल्वेच्या दोन रुळांत 1676 मिलिमीटर अंतर, मेट्रोच्या रुळांत 1435. वरची वीज मात्र दोन्हीकडे 25 हजार व्होल्टचीच. आम्ही शिकवतो तेव्हा जांभया देणारा मुलगा आजोबांना प्रश्नावर प्रश्न विचारत होता.

परतीच्या वाटेवर पगडीच्या आकाराचे छत पाहायला डेक्कनला उतरलो, चहा घेतला. जोहरसाठी पुणे रेल्वे स्टेशनला उतरलो. नमाजनंतर अब्बा अर्धा तास मोठ्या गाड्या बघत उभे राहिले. घाई कोणालाच नव्हती. पुढचे स्टेशन रुबी हॉलचे. दार उघडताच अब्बा म्हणाले, "आज दवाखाना नाही हं!" शेजारचे प्रवासीही हसले.

रामवाडीहून मागे येऊन पिंपरीची गाडी धरली. दापोडीच्या पुढे मेट्रोच्या बाजूने जुनी रेल्वे धावते. तेवढ्यात लोणावळ्याची लोकल आली. गुडघ्यांची तक्रार करणारे आमचे अब्बा दांडी धरून उभे राहिले आणि लोकल दिसेनाशी होईपर्यंत बसले नाहीत. त्यांना असे आम्ही कितीतरी दिवसांत पाहिले नव्हते.

पासाचा हिशेबही सांगतो. मेट्रोचे तिकीट 10 ते 35 रुपये आहे. नुसते जाऊन यायचे असेल तर पास परवडत नाही, शिवाय शनिवार-रविवारी साध्या तिकिटावर 30 टक्के सवलत असते. चार-पाच वेळा चढायचे-उतरायचे असेल, तेव्हाच पास घ्यावा. निघण्यापूर्वी त्या दिवसाचे दर विचारून घ्यावेत.

मगरिबला आम्ही घरी होतो. आपण वडीलधाऱ्यांना गोळी घेतली का, जेवलात का, हे रोज विचारतो, आणि विचारायलाच हवे. पण तुम्हाला काय बघायचे आहे, हे आम्ही कित्येक वर्षांत विचारले नव्हते. त्यांची खिदमत म्हणजे फक्त औषधपाणी नव्हे, हे त्या लोकलने आम्हाला शिकवले.

आता अब्बा रोज पेपरात स्वारगेट-कात्रज भुयारी मार्गाची बातमी शोधतात. तो झाला की मेट्रो आमच्या बाजूला येईल, इन्शाअल्लाह. तोवर स्वारगेटपर्यंत रिक्षा आहेच.