गरज सांगायचा हक्क कोणाचा?

सॉफ्टवेअरकडून काय हवं ते ग्राहकाने सांगायचं आणि ॲनालिस्टने लिहून घ्यायचं, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात कित्येक मोठ्या गरजा ग्राहकाच्या यादीत कधीच नव्हत्या.

उदाहरणार्थ, कन्नड टायपिंगचा प्रश्न त्या भाषेच्या माणसांनीच पुढे नेला. के. पी. राव यांनी इंग्रजी कीबोर्डवर उच्चारानुसार कन्नड अक्षरं बसवली. पुढे कन्नड गणक परिषदेने ‘नुडी’ हे सॉफ्टवेअर तयार केलं आणि कर्नाटक सरकारने ते लोकांना मोफत दिलं.

अशा बाहेरून येणाऱ्या कल्पनांचं नातं ‘ओपन इनोव्हेशन’शी जोडलं जातं. मग ओपन इनोव्हेशन म्हणजे कोड फुकट वाटणं का? नाही. हेन्री चेसब्रो यांनी 2003 मध्ये ही कल्पना मांडली ती कंपनीच्या भिंतीबाहेरच्या कल्पना आत येण्याबद्दल आणि आतल्या बाहेर जाण्याबद्दल. विंडोजचा कोड बंद आहे, पण त्यातली मराठी युनिकोड या अक्षरांच्या जागतिक मानकावर चालते आणि युनिकोडकडे अक्षराचा प्रस्ताव कोणीही पाठवू शकतो.

दार उघडं असलं की मागेल ते मिळतं, हाही गैरसमजच. युनिकोडला छापील वापराचे पुरावे लागतात, कारण एकदा दिलेलं अक्षर पुन्हा काढता येत नाही. ‘ॲप’मधल्या ‘ॲ’ला स्वतंत्र जागा मिळाली ती 2008 मध्ये, युनिकोड 5.1 मध्ये.

सामान्य माणसाला तांत्रिक गरज सांगता येत नाही, असं म्हणणाऱ्यांनी ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे शब्द शेजारी ठेवून पाहावेत. एक गुरू, दुसरा स्वयंपाकी. हिंदीच्या जाणकाराला हा फरक कदाचित जाणवणार नाही, मराठी शिक्षक तो क्षणात दाखवेल. युनिकोडच्या देवनागरी नियमांत या अर्ध्या ‘ऱ’साठी वेगळा नियम आहे.

मात्र कोणाला विचारलं, हे माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं. ‘नुडी’च्या सुरुवातीच्या आवृत्त्या काय, आपले जुने मराठी फॉन्ट काय, टाइप करणाऱ्याची गरज त्यांनी भागवली. पण तोच मजकूर दुसऱ्या संगणकावर वाचणाऱ्याची आणि शोधणाऱ्याची गरज मागे राहिली. तो विशिष्ट फॉन्ट नसेल तर पडद्यावर नुसती विचित्र चिन्हं उमटत. म्हणूनच जुना मजकूर युनिकोडमध्ये आणायला आजही कन्व्हर्टर लागतो, आणि त्यानंतरही जोडाक्षरं नजरेखालून घालावी लागतात.